फिलोमिना, तुझ्या नाताळाला कोणी आलं नव्हतं

फिलोमिना, तू गेलीस आणि गावाला तू आवडायला लागलीस.

तुला मातीत ठेवून अजून फार दिवस झाले नाहीत. वाण्याच्या दुकानात, विहिरीवर, मालवणच्या एस.टी.त, जो भेटतो तो तुझ्याबद्दल बोलतो. "काय बाई होती हो!" "देवमाणूस." ज्या बायका तुला प्यायला पाणी द्यायच्या ते वरून ओंजळीत ओतायच्या, त्या आता पदराने डोळे पुसतात. त्यांचं रडणं खोटं असतं तर मला सोसलं असतं. खोटं नाही ते. खरंच रडतात. तू होतीस तेव्हा हे प्रेम कुठल्या फडताळात ठेवलं होतं, एवढंच मला कळत नाही.

त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून तुझ्याशी बोलते. आणि खरं सांगू का, मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. तू आजारी असताना मी ते काढलं नाही. काविळीने तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, तुला पेज पचत नव्हती, तेव्हा कसलं भांडण काढायचं? म्हटलं, बरी झालीस की बोलू. तू बरी झाली नाहीस.

मी कणकवलीकडून या शाळेत आले तेव्हा नवीकोरी शिक्षिका होते, आवाज खणखणीत आणि छातीत धडधड. तुझी पहिली आणि माझी दुसरी यांच्यामध्ये झावळ्यांची एक तट्टी होती. तुझ्या वर्गातलं मला ऐकू यायचं, माझ्यातलं तुला. पहिल्याच आठवड्यात मी पाढे घेत असताना तट्टीपलीकडून तुझा आवाज आला, "कुसूम, वायच हळू गो. पोरां भियाली तुजी." मुलं हसली, मीही हसले. त्या दिवसापासून मी वर्गात ओरडले नाही. ट्रेनिंगला जे कोणी शिकवलं नव्हतं ते तू तट्टीआडून शिकवलंस.

पुढच्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला तेव्हा तू ती तट्टीच काढून ठेवलीस आणि दोन्ही वर्ग एकत्र घेतलेस. संध्याकाळी माझ्या खोलीवर यायचीस. घरमालकीण दारात उभी राहायची, तुझा हात कशाकशाला लागतो ते बघत. तू तिच्याकडे बघून गोड हसायचीस आणि माझ्याच चुलीवर, माझ्याच टोपात पेज करायचीस. मी बरी झाल्यावर मालकिणीने ती चूल मोडून पुन्हा घातली. तुला कळलं तेव्हा तू म्हणालीस, "बरा झाला. जुनी चूल धुरावत होती." मला तेव्हा तुझं हसू आलं होतं. आता येत नाही.

त्या नाताळाचंच बोलायचं आहे मला.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि हद्द बंद झाली होती. तुझं माहेर म्हापशाजवळ. दर नाताळाला तू आईकडे जायचीस. तुझा नवरा इनास बोटीवर खलाशी, वर्षाकाठी एकदा घरी यायचा, तोही नाताळात कधी नाही. मूलबाळ नाही. तेव्हा नाताळ म्हणजे तुला आईचं घर. त्या वर्षी तू हद्दीवरच्या बांद्यापर्यंत जाऊन आलीस. परवाना मिळेना. मी तुला एस.टी.वरून घ्यायला आले होते. पिशवी खाली ठेवून तू म्हणालीस, "आवस थंय, मी हंय. मधी सोजीर." मी काही बोलणार एवढ्यात तूच म्हणालीस, "रव. माका एक सुचला हा. औंदा नाताळ हंयच. माझ्या वर्गाची सगळी पोरां घराकडे बोलयतंय."

फिलोमिना, तुला मी इतकी आनंदात कधी बघितली नव्हती. शाळा सुटली की आपण तुझ्या पडवीत बसायचो. तुझ्या मुलांना नुकतं स्वतःचं नाव वाचता यायला लागलं होतं. त्यावरून तू सगळा बेत रचलास. मालवणच्या बाजारातून पतंगाचे कागद आणलेस, तांबडे, निळे, पिवळे. खळ शिजवून त्यांच्या उंच टोप्या केल्यास. प्रत्येक टोपीवर एकेका मुलाचं नाव. टोप्या दोरीवर टांगायच्या आणि मुलांनी आपापली शोधायची, अशी गंमत. "जो वाचीत तो घालीत," असं तू म्हणत होतीस. कृष्णाच्या नावाची तुला काळजी. "तेचा नाव कठीण गो. अजून त्येका जमणा नाय. तेच्या टोपयेर वायच मोठा लिवतंय." आणि तू लिहिलंस, टोपीभर.

बाळ येशूच्या गोठ्यासाठी करवंट्यांमध्ये नाचणी पेरलीस. तिला कोवळे हिरवे कोंब आले, ते गवत. करवंट्यांवर पाय ठेवून चालायची शर्यत घ्यायची ठरलं. मी विचारलं, "मुलं पडली तर?" तू म्हणालीस, "पडनत नाय. बघ." आणि पदर खोचून करवंट्यांवर उभी राहिलीस, दोन पावलं टाकलीस आणि अंगणात सपशेल बसलीस. आपण दोघी किती हसलो. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. दोन मास्तरणी अंगणात लोळून हसताहेत. ते हसणं मी जपून ठेवलं आहे. तुझ्याकडून मला मिळालेलं सगळ्यात चांगलं तेच. त्याच्यानंतरचं मात्र कडू आहे.

हेडमास्तर मधल्या सुट्टीत म्हणाले, "बाई, हे तुमचं घरगुती आहे ना? मग शाळेत मुलांना आमंत्रण नको." तू मान डोलावलीस आणि घरोघरी गेलीस. खळ्यात, बाहेर अंगणातच उभी राहून प्रत्येकाला सांगितलंस. कोणी आत बोलावलं नाही, पण सगळे म्हणाले, "धाडतव, धाडतव." तू खूश होऊन आलीस.

मग शाळा समितीचे अध्यक्ष आले, आबा. गावात मालवणी बोलणारा हा माणूस शाळेच्या कचेरीत शिरला की पुस्तकातलं मराठी बोलायचा. मी तिथेच हजेरी भरत होते.

"बाई, तुमच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण लोक बोलतात. मुलांना खायला काय देणार आहात?"

"नेवऱ्यो, आबा. चून घातलेल्यो."

"त्या आमच्याकडेही होतात."

"व्हय तर. त्योच."

"मग आमच्यापैकी कोणी केलेल्या बऱ्या."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "कुसूम करतली." आबांना ते पटलं. तुझ्या नेवऱ्या आणि माझ्या नेवऱ्या, करंज्याच त्या. चुनात तोच नारळ, तोच गूळ. तुझ्या माझ्यापेक्षा कितीतरी नाजूक व्हायच्या, मुरड इतकी बारीक की दोऱ्याने शिवल्यासारखी. मुलांच्या वाट्याला माझ्या जाडजूड नेवऱ्या येणार होत्या, कारण माझे हात चालत होते.

आबा पुन्हा आले. लोकांना गोठ्याची धास्ती होती. मुलांनी तिथे हात जोडले तर? तू गोठा आतल्या खोलीत नेलास आणि दारावर जुनं लुगडं बांधलंस. मग कागदी नक्षत्र रस्त्यावरून दिसता कामा नये असं आलं. तू ते उतरवलंस. मग 'नाताळ' हा शब्द नको, 'मुलांचा मेळावा' म्हणा. तू त्यालाही हो म्हणालीस, आणि मी भडकले.

"मग तुझं उरलं काय त्यात?"

"पोरां," तू म्हणालीस.

"पोरं तुला रोज शाळेत भेटतात."

"शाळेत मी बाई. घराकडे..." आणि तू तिथेच थांबलीस. खळीचं भांडं खरवडायला लागलीस.

ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. मीही विचारलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून आपण विचारलं नाही की सांगितलं नाही. मला वाटतं मला माहीत आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

तुला आठवतं, मी तेव्हा म्हटलं होतं, "फिलू, हे एकेक पाऊल मागे सरकताहेस ना, शेवटी भिंत येईल." तू म्हणालीस, "येवंदे. एकदा पोरां घरात इली काय सगळा विसरतली. पोरां आणि तेंचे आवस-बापूससुद्धा." तुझा खरंच विश्वास होता. गावावर तुझा जेवढा विश्वास होता तेवढा गावाचा स्वतःवरसुद्धा नव्हता.

नाताळच्या दुपारी मी नेवऱ्यांची टोपली घेऊन आले तेव्हा तू चर्चमधून येऊन, सणाची निळी साडी बदलून साधं पातळ नेसून बसली होतीस. निळं उगाच कोणाच्या डोळ्यांत नको, म्हणून. पडवी सारवलेली. दोरीवर टोप्या. वारा आला की सगळ्या एका बाजूला कलायच्या. उन्हं उतरायला लागली. तू दोनदा फाटकाशी जाऊन बेड्याची काठी काढून आलीस. ती आधीच काढलेली होती.

मग झांजा ऐकू आल्या.

देवळात भजन ठेवलं होतं आणि मुलांना शिरा. घरोघरी निरोप सकाळीच गेला होता. तुला कोणी सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. देवळाकडे जायला वरून दुसरी पाणंद आहे, तिने गेले असते तर आपल्याला दिसलेही नसते. पण त्यांनी मुलं तुझ्या घरासमोरून नेली. रांगेने. पुढे आबा, मागे मुलांचे बाप. मुलं धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून, माना सरळ. घरून कोणी तरी सांगितलं असणार, बाईच्या घराकडे बघायचं नाही. सहा-सहा वर्षांची मुलं ती. डोळे कोपऱ्यातून तुझ्या टोप्यांकडे जात होते आणि परत येत होते.

वासंती तेवढी रांगेतून बाहेर आली. गोविंद सुताराची मुलगी, तुझ्या वर्गात सगळ्यांत आधी वाचायला शिकलेली. बेड्यातून सरळ अंगणात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माजी टोपी खंयची? मी वाचतंय."

मी टोपी काढायला हात वर केला होता, फिलू. माझी बोटं दोरीला लागली होती. तू मला बाजूला सारून अंगणात गेलीस. तिच्यासमोर उकिडवी बसलीस. तिची रिबीन सुटली होती ती बांधलीस आणि म्हणालीस, "जा बाय. देवळात जा. आज हंय काय नाय."

ती तुझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या बापाने रस्त्यावरून हाक मारली आणि ती गेली. रांग पुढे सरकली.

मी तुला काय काय बोलले ते आठवतं. म्हटलं, "एक मूल आलं होतं! सगळ्या गावातून एक मूल स्वतःच्या पायांनी आलं होतं आणि तू ते परत पाठवलंस?" तू म्हणालीस, "तिचो बापूस रांगेत होतो. घराकडे गेल्यार मार कोणी खावचो? तू?" मी म्हटलं, "खाल्ला असता तिने एक फटका. पण आयुष्यभर लक्षात राहिलं असतं की आपण आत गेलो होतो." तू टोपलीतली एक नेवरी घेतलीस, खाल्लीस, आणि म्हणालीस, "चुनात मीठ घालूक इसारलंस गो."

मी रडले. तू रडली नाहीस. तेच मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही.

सुट्टी संपल्यावर तू टोप्या शाळेत घेऊन गेलीस. मी तट्टीपलीकडून ऐकत होते. तू एकेक टोपी वर धरायचीस, मुलं नाव वाचायची, ज्याचं नाव त्याने ती घालायची. कृष्णाने आपलं नाव वाचलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. खूप हसले सगळे. आणि मग शाळा सुटायच्या आधी तू सगळ्या टोप्या परत गोळा केल्यास. "घराकडे नेलात तर वरडतीत," एवढंच सांगितलंस. मुलांना बोलणी बसू नयेत म्हणून तू त्यांच्या डोक्यांवरून त्यांची नावं उतरवून घेतलीस. मी त्या दिवशी तट्टी फाडून तुझ्या वर्गात यायची बाकी होते.

मी तुला म्हटलं, बदली माग. दोघीही मागू. रत्नागिरीला अर्ज करू. तू म्हणालीस, "पयलीची पोरां कोण बघतला?" पुढच्या डिसेंबरात मी विचारलं, यंदा? तू म्हणालीस, "फुडल्या वर्सा बघया." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग मी विचारणं सोडलं. गोवा मोकळा झाला तेव्हा तू पहिल्या एस.टी.ने गेलीस. तुझी आई त्याआधीच्या पावसाळ्यात गेलेली होती आणि निरोपही तुझ्यापर्यंत पोचला नव्हता. परत आलीस आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर उभी राहिलीस. गावातल्या अर्ध्या तरुण पोरांच्या सहीला तुझ्या अक्षराचं वळण आहे. मुंबईहून मनीऑर्डर येते तिच्या कुपनावर मला तुझा 'क' दिसतो.

लोक म्हणतात, तू क्षमा केलीस. मी तुला इतकी वर्षं जवळून बघितलं आणि मला माहीत नाही. क्षमा केलीस, की थकलीस? की तुला वाटलं, बोलले तर आहे तेही जाईल? मी तुला संत मानायला तयार नाही. संत म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होते, गावाची पहिली.

आता परवाचं सांगते.

शाळेत तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार, उदबत्ती. इनास पुढच्या बाकावर बसला होता, बोटीवरून उशिरा पोचलेला, तुझं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही. आबा आता म्हातारे झालेत, पण उभे राहिले की आवाज तोच. पुस्तकातलं मराठी तेच. तुझ्या सेवेबद्दल, शिस्तीबद्दल बोलले. आणि मग म्हणाले, "बाईंचं मन किती मोठं! नाताळात त्यांचं घर आपल्या गावच्या मुलांना उघडं असायचं. कागदी टोप्या घालून मुलं कशी नाचायची, गोडधोड खायची! या गावाने कधी जात बघितली नाही, धर्म बघितला नाही. बाई त्याची साक्ष आहेत."

लोकांनी माना डोलावल्या. मी सगळ्यांकडे बघितलं. त्या रांगेत चालणारे बाप होते तिथे. ते मान डोलावत होते. आणि फिलू, त्यांना ते खरंच तसं आठवत होतं.

मी उभी राहिले. तू असतीस तर माझा पदर ओढून मला खाली बसवलं असतंस. तू नव्हतीस.

मी म्हटलं, "कोणी गेलं नव्हतं. मी तिथे होते. तुम्ही मुलं तिच्या दारावरून देवळात नेलीत, आबा. तिच्या घरात एक मूल गेलं नाही."

इनासने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तू त्यालाही सांगितलं नव्हतंस, ते मला त्याच क्षणी कळलं. आबा अगदी मायेने म्हणाले, "कुसुमबाईंना फार दुःख झालं आहे. जुनी मैत्रीण. आपण समजून घेऊ या." आणि दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मी आधीच उभी होते.

बाहेर पडले तर मागून कोणीतरी हाक मारली. वासंती. लग्न होऊन नांदगावला दिली आहे, कडेवर मूल. तुझ्यासाठी एवढ्या लांबून आली होती.

"बाई, तुमी बोललात ता खरा," ती म्हणाली. "माका आठवता. मी गेललंय."

मला वाटलं, चला, एक तरी साक्षीदार आहे.

ती म्हणाली, "मी अंगणात गेललंय. पण फिलोमिनाबाईंनी माका परत धाडल्यानी. आज हंय काय नाय म्हणाल्यो. माका तर सगळा दिसत होता बाई. माका वाटला, तेंका मी नको. सुताराचा चेडू म्हणान." आणि मग घाईघाईने, तुला दोष लागू नये म्हणून, "राग नाय हां माका. ल्हानपणाची गोष्ट."

इतकी वर्षं, फिलोमिना. आबांनी रांग नेली हे तिला आठवत नव्हतं. बापाची हाकही आठवत नव्हती. तू तिला जा म्हणालीस, तेवढंच तिच्याबरोबर नांदगावपर्यंत गेलं.

मी तिला शाळेच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. देवळातलं भजन, आबांच्या अटी, तिच्या बापाची हाक, तिला मार बसेल ही तुझी भीती. ती ऐकत होती आणि मुलाला थोपटत होती. शेवटी म्हणाली, "असात." म्हणजे असेल तसंही. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. मग तिची एस.टी. आली आणि ती गेली.

मी बरोबर होते, असं आता म्हणून काय उपयोग? भांडण जिंकल्याचं सांगायला समोर तू नाहीस. पण त्या मुलीला हे तू सांगायला हवं होतंस, फिलू. दुसऱ्या दिवशी, पुढच्या वर्षी, तिच्या लग्नात, कधीही. दोन वाक्यांचं काम होतं. तुझ्या तोंडून तिने ते मानलं असतं. माझ्या तोंडून ती नुसतं ऐकून गेली.